पगारे काकांची चूळ

पगारे काकांना एखादा ट्रॅक आवडला नाही की ते उठून माझ्या स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी जायचे आणि चूळ भरायचे. खरोखरची चूळ. नळ सोडायचा, ओंजळीत पाणी घ्यायचं, तोंडात खळखळवायचं आणि टाकायचं. असं तीनदा. मग बाहीला तोंड पुसत परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हां, लावा पुढचं." पहिल्यांदा मला वाटलं, तंबाखू खात असतील. पण तंबाखू, विडी, सुपारी, कसलंच व्यसन या माणसाला नव्हतं. वाईट गाण्यानं त्यांच्या तोंडाची चव जायची, एवढंच.

चव जावी असा माल माझ्याकडे ढिगानं असतो. पाथर्डी फाट्याजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी मास्टरिंग करते, म्हणजे ट्रॅक बाजारात जाण्याआधी त्याच्या आवाजाची शेवटची घासपूस. शिवाय दर शुक्रवारी एक यादी काढते. हाउस आणि टेक्नो या ठोक्यांवर चालणाऱ्या, कॉम्प्युटरवर बनणाऱ्या संगीतात या आठवड्यात कुठल्या नव्या निर्मात्यांनी काय रिलीज केलं आणि त्यातलं ऐकण्यासारखं काय, अशी. ती मेलनं जाते. वाचणारे थोडेच आहेत, पण देशभर पसरलेले आहेत, त्यामुळे स्वतःला उदयोन्मुख म्हणवणारा जो तो आपला ट्रॅक मला पाठवतो.

आधीच सांगून टाकते, की दहा वर्षं हा उद्योग केल्यावर मला या संगीतावर अजून प्रेम आहे आणि ते करणाऱ्या बहुतेकांची किळस येते. इंग्रजीत नाव लिहिताना त्यातले स्वर गाळायचे, काळा टीशर्ट घालून भिंतीकडे बघत फोटो काढायचा, विकत मिळणारे तयार तुकडे एकापुढे एक लावायचे आणि 'हा माझा अत्यंत वैयक्तिक प्रवास आहे' असं लिहून पाठवायचं. तीच टाळी, तोच बाईचा सुस्कारा, दोन मिनिटांनी तोच वर वर चढत जाणारा आवाज आणि मग तोच धप्पकन पडणारा ठोका. एकदा तर एकाच आठवड्यात तीन शहरांतल्या तिघांनी मला तोच सुस्कारा पाठवला. ती बाई बिचारी किती थकली असेल.

अशाच एका आठवड्यात एक मेल आला. 'मा. महोदया, सोबत माझे स्वनिर्मित दोन ट्रॅक जोडले आहेत. कृपया ऐकून अभिप्राय कळवावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, मधुकर रामचंद्र पगारे.' निर्माता म्हणूनही तेच नाव, वडिलांच्या नावासकट, कारखान्याच्या गेटपासवर असतं तसं. पहिल्या ट्रॅकचं नाव 'चार नंबर'. मला वाटलं, कुणीतरी शहाणा चेष्टा करतोय. लावून बघितलं. खालचा ठोका बरा होता, पण वरची झांज, आम्ही जिला हाय-हॅट म्हणतो ती, पत्र्यावर पत्रा घासावा तशी कानात शिरली. मी हेडफोन काढून फेकला. शुक्रवारच्या यादीत शेवटी 'टाळावेत असे' म्हणून एक सदर असतं, त्यात लिहिलं, 'या निर्मात्याने आधी कान तपासून घ्यावेत.' लिहून झाल्यावर स्वतःवर खूशही झाले.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, दाराची बेल वाजली. दारात पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ उभे. बुटके, रुंद, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत कारखान्यातले जाड बूट, हातात प्लास्टिकची फाइल. माझ्या यादीच्या तळाशी पत्ता असतो, तो त्यांनी एका चिठ्ठीवर उतरवून आणला होता.

"मी पगारे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल्या ना, कान तपासून घ्या. घेतले."

फाइल उघडून त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. श्रवणचाचणीचा आलेख होता. खालच्या आवाजांपाशी रेघ सरळ चालली होती आणि पुढं जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. उंच पट्टीतलं त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. झांज ऐकू येईना म्हणून ते ती वाढवत गेले होते, स्वतःला ऐकू येईपर्यंत. मी त्या कागदाकडे बघत राहिले. आता हे टोमणा मारणार, म्हणून वाट बघत होते, आणि तो मी निमूट ऐकून घेतला असता. पण काका माझे आभार मानायला आले होते.

"सत्तावीस वर्षं कारखान्यात काढली, कुणी सांगितलं नाय, बघा. घरच्यांना वाटायचं, मी लक्ष देत नाय. आता कळलं. माझ्या कानाचं छप्पर उडालंय, ताई. भिंती शाबूत हायेत." मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसत त्यांनी विचारलं, "वरचं छप्पर तुम्ही घालून द्याल का?"

पगारे काका अंबडच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्याची पट्टी सरकवायची, वरून प्रेस पडते, गाडीत बसणारी कसलीशी क्लिप तयार. पुन्हा पट्टी सरकवायची. निफाडकडच्या एका गावातून आले ते थेट चार नंबरच्या प्रेसपुढे उभे राहिले आणि तिथंच राहिले. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला तेव्हा त्यांना वेड लागायची पाळी आली. "घरात लय शांत होतं, ताई. जेवण उतरंना." त्यांची मुलगी स्नेहल तेव्हा डिप्लोमा करत होती. तिच्या लॅपटॉपवर संगीत बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. वडिलांची तगमग बघवेना म्हणून तिनं त्यात प्रेससारखा आवाज करून दिला. काकांना तो पसंत पडेना. असा नाय, तसा नाय, करता करता महिनाभरात लॅपटॉप काकांकडे गेला आणि मुलगी मोबाइलवर अभ्यास करायला लागली. पुढं कधीतरी तिनंच त्यांना बर्लिनमधले लोक काय वाजवतात ते ऐकवलं. "म्हटलं, हे तर आमच्यासारखंच हाय. त्यांच्याकडं पण कुठंतरी चार नंबर असंल."

'चार नंबर' म्हणजे ती प्रेसच होती. फक्त एक गोष्ट मला आधी चूक वाटली. सात ठोके जागच्या जागी पडायचे आणि आठवा किंचित उशिरा. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ, पण उशिरा. मी म्हटलं, "काका, हा सरकलाय." तर ते हसले.

"सरकला नाय, ताई. ती तशीच हाय. क्लच जुना झालाय तिचा. सात ठोके नीट मारती अन् आठव्याला दम खाती. आम्ही मेंटेनन्सवाल्यांना कधी बोललोच नाय. तेवढ्यात मान हलवायची, हात झटकायचा, घाम पुसायचा. सात ठोके कंपनीचे, आठवा माझा."

हे सांगताना त्यांचा उजवा तळवा टेबलावर सात वेळा पडला आणि आठव्याला हवेत थांबून मग खाली आला. आपला हात असं काही करतोय, हे त्यांना माहीतही नसावं.

त्या दिवशी आमचा करार झाला. "वरचं तुमचं, खालचं माझं," काका म्हणाले. "वर काय करायचं ते करा, मला काय कळणार नाय. खाली तेवढा हात लावू नका." त्यांची इच्छाही एकच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेलं ऐकणंही हळूहळू जाणार. त्याच्या आत 'चार नंबर' कुठल्यातरी नीट ठिकाणाहून रिलीज व्हावं, त्यावर पूर्ण नाव असावं, आणि आठवा ठोका जसा आहे तसा असावा. "बास. मग कान गेला तर गेला."

मग ते दर रविवारी यायला लागले. त्यांच्या ट्रॅकवर तासभर काम व्हायचं आणि मग आठवडाभरात आलेलं नवं मी त्यांना ऐकवायचे. काका स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून ऐकायचे. चूळ भरायला उठले की मी त्या ट्रॅकच्या नावावर काट मारायचे. कारणं मात्र परत आल्यावर सांगायचे. "याला वजन नाय. यानं आयुष्यात हातानं काय उचललेलं नाय." एकानं पाच मिनिटं नुसता आवाज चढवत नेला होता, त्याच्यावर म्हणाले, "हा निस्ता प्रेस वर नेतोय, पाडतच नाय." आणि तयार तुकड्यांची मोळी बांधून आणणाऱ्यांवर, "पत्रा विकतचा, साचा विकतचा, अन् नाव याचं."

काही आवडलं तरी कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फार तर म्हणायचे, "हा जेवलेला माणूस दिसतो." मालेगावच्या एका मुलीनं घरातल्या पॉवरलूमच्या खडखडाटावर ट्रॅक केला होता, तो संपता संपता ते उठले तेव्हा माझा जीव वर-खाली झाला, कारण मला तो फार आवडला होता. पण ते नुसतं पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "परत लावा." त्यांची असली वाक्यं मी शुक्रवारच्या यादीत माझी म्हणून खपवायचे, हेही कबूल करते. लोकांना वाटायचं, हिची धार अलीकडे वाढलीय.

एकदा मी त्यांना गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत घेऊन गेले. तिथं शनिवारी सूर्यास्ताच्या वेळी हाउसचा कार्यक्रम असतो आणि 'नाशिकचे नवे आवाज' असं काहीतरी त्याचं नाव होतं. संयोजक माझ्या ओळखीचा होता. काकांना दहा मिनिटं वाजवायला मिळावीत, असं माझ्या मनात होतं. द्राक्षांच्या ओळींपुढे विणलेल्या टोप्या घालून लोक डुलत होते आणि वाजवणारा मुलगा एक बटण दाबून दोन्ही हात वर करत होता. काकांनी अर्धा ट्रॅक ऐकला आणि बेसिन शोधायला लागले. बेसिन कुठंच दिसेना. शेजारच्या टेबलावर वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम चालला होता. लोक घोट घेत होते, तोंडात घोळवत होते आणि स्टीलच्या बादलीत थुंकत होते. काका दोन मिनिटं बघत राहिले. मग पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभे राहिले, त्यांची पाळी आल्यावर तीन चुळा त्या बादलीत टाकल्या आणि मला म्हणाले, "ही सोय लय चांगली केलीय. गाणी ऐकायच्या जागी पाहिजेच."

संयोजकानं काकांचा ट्रॅक हेडफोनवर ऐकला. त्याला आवडला. पण तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, काका कमाल आहेत, पण नव्या निर्मात्यांची रात्र आहे, चेहरा तरुण हवा. नाहीतर असं करू, त्यांना निळ्या युनिफॉर्ममध्ये आणू. हेल्मेट, हातमोजे. एकदम रॉ." मी काही बोलायच्या आत काका मागून म्हणाले, "युनिफॉर्म कंपनीचा हाय, साहेब. गेटाबाहेर आणता येत नाय." इतकं साधं म्हणाले, की त्या माणसाला आपल्याला नाही म्हटलं गेलंय हेसुद्धा कळलं नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत त्याला लाखोली वाहत होते.

आणि दोन महिन्यांनी त्या माणसाच्या वरताण काम मी स्वतः केलं.

युरोपातलं एक लेबल होतं, म्हणजे ट्रॅक रिलीज करणारी कंपनी. लहान, पण आमच्या वर्तुळात मान असलेलं. तिथून निघणाऱ्या रिलीजवर 'मास्टरिंग' या शब्दापुढे आपलं नाव असावं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. मी त्यांना 'चार नंबर' पाठवला. झांज मी खाली आणली होती, वरचं सगळं स्वच्छ केलं होतं. उत्तर आलं, ट्रॅक विलक्षण आहे, आम्ही काढतो, फक्त एक ठोका पुन्हा पुन्हा जागा सोडतोय. वाजवणाऱ्यांना, म्हणजे डीजेंना, एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना तो अडेल. तेवढा सरळ करून द्या.

काकांना विचारायला हवं होतं. त्यांचं उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. मनाशी म्हटलं, केवढासा तो उशीर. ज्याला झांज ऐकू येत नाही, त्याला एवढासा फरक काय कळणार? बहिऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं, असा तो विचार होता, आणि तो माझ्याच डोक्यातून निघाला होता. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेघा असतात, त्यांवर ठोके बसवता येतात. मी सगळे आठवे ठोके निवडले आणि एक बटण दाबलं. सगळे शहाण्यासारखे रेघेवर जाऊन बसले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

शुक्रवारी रिलीज झालं. मधुकर रामचंद्र पगारे, 'चार नंबर'. मी ते माझ्या यादीत सगळ्यात वर ठेवलं आणि लिहिलं, 'नव्या निर्मात्यांमधला सर्वांत अस्सल आवाज.' अस्सल हा शब्द मी लिहिला.

रविवारी काका आले ते नवा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, "आधी तोंड गोड करू." ते म्हणाले, "नाय, आधी ऐकू." पुडा टेबलावर ठेवून ते बसले आणि त्यांनी एक तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला, दुसरा टेबलावर. ट्रॅक सुरू झाला. टेबलावरचा हात पडायला लागला. एक, दोन, तीन, असं करत सात. आठव्याला तो सवयीनं हवेत थांबला आणि ठोका पडून गेला. काकांनी डोळे उघडले. पुन्हा सात, पुन्हा हात हवेत, पुन्हा ठोका आधीच पडलेला. तिसऱ्या वेळी त्यांनी हात झटक्यात छातीशी ओढून घेतला. प्रेसखाली अनेकांची बोटं गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्यांची स्वतःची दहाही बोटं शाबूत होती ती त्या मशिनची चाल हाडात मुरली होती म्हणून. ज्या ठोक्यावर ते विसंबून असायचे, तो मी हलवला होता.

ते उठले. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला. एक चूळ, दुसरी, तिसरी. मी पेढ्यांच्या पुड्याच्या दोऱ्याकडे बघत बसले होते. काका परत आले पण बसले नाहीत.

"ताई, आठवा कुठंय?"

मी बोलायला लागले. लेबल, वाजवणारे, त्यांची अडचण, एवढासा तर फरक, आणि तुमचं नाव बघा ना कुठं पोचलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे आठवा पण कंपनीला देऊन टाकला," ते म्हणाले. "माझं नाव काढा त्याच्यावरनं."

एवढं बोलून ते बूट घालून निघून गेले. पुडा तिथंच राहिला. मी तो उघडला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा उचलून टाकून दिला.

नाव काढायला मला एक मेल लिहायचा होता. मी तो लिहिला नाही. काकांना मात्र कळवलं, 'काका, प्रक्रिया सुरू आहे, थोडा वेळ लागतो.' त्यांचं उत्तर आलं, 'बरं.' तोवर परदेशातल्या दोन-तीन याद्यांमध्ये 'चार नंबर' आला होता. लोक विचारत होते, हा माणूस कोण, आणि हे इतकं स्वच्छ मास्टरिंग कुणाचं. मी ते वाचत होते आणि मला बरं वाटत होतं. असे सात महिने गेले. वायनरीतल्या त्या संयोजकानं काकांना नुसतं हेल्मेट घालायला सांगितलं होतं. मी त्यांच्या नावाखाली दुसराच माणूस उभा केला होता.

मग स्नेहलचा मेसेज आला. कारखान्याच्या कॅंटीनमध्ये दुपारचा डबा खाताना काका कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. खाली पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ आणि सातपूरजवळच्या त्यांच्या कॉलनीतल्या सभागृहाचा पत्ता होता.

मी गेले. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. काकांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. बुद्धवंदना झाली, दोघा-तिघांनी आदरांजली वाहिली. पुढच्या रांगेत कारखान्यातली माणसं बसली होती. पाच नंबरवर काम करणारे शेवरे नावाचे गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि फोटोला हात जोडून बसले. मग स्नेहल उठली. म्हणाली, "बाबा फार बोलायचे नाहीत. त्यांचं हे गाणं आज बाहेरच्या देशातले लोकपण ऐकतात. आपण सगळ्यांनी एकदा ऐकू." तिनं मोबाइल स्पीकरला जोडला.

मिनिटभर सगळे ऐकत होते. मग शेवरे शेजाऱ्याच्या कानाशी वाकले. आयुष्यभर प्रेसवर काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "हे आपल्याकडचं नाय."

स्नेहल म्हणाली, "शेवरे काका, बाबांचंच आहे. हे बघा, नाव आहे त्यांचं."

"नाव आसंल, बाई. पण चार नंबर अशी पडत नाय. दुसऱ्या कुठल्या कारखान्यातली आसंल." आणि ते गुडघ्यावर तळव्यानं ठोके मारून दाखवायला लागले. रांगेतल्या बाकीच्यांचे हातही आपोआप गुडघ्यांवर पडायला लागले. सात ठोके झाले आणि ते पाच-सहा हात एकदमच हवेत थांबले. स्पीकरमधला ठोका त्यांच्या आधी पडून गेला होता.

मी उठून बाहेर आले. सभागृहाच्या मागं पाण्याची टाकी आणि एक नळ होता. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. तीनदा. तोंड पुसायला वळले तर मागं रमाकाकू, काकांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्या किती वेळ तिथं होत्या कुणास ठाऊक.

"तुम्हालापण लागली का ती सवय?" त्या म्हणाल्या. "ते घरी कधी लावायचे नाहीत हे. पोरीनं लावलं की उठून जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ताईंनी लय मेहनत घेतलीय, त्यांना काय बोलायचं नाय."

"काकू, त्यांचं गाणं वेगळं होतं," मी म्हटलं. "हे मी बिघडवलंय. त्यांना न विचारता. ते म्हणाले होते नाव काढा, तेही मी काढलं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "आत सांगा. पोरीला सांगा. त्या माणसांना सांगा."

मी आत गेले आणि उभ्यानं सांगितलं. मला वाटतं, फार बोलले नाही. आठवा ठोका मी काढला, एवढंच म्हटलं असेन. स्नेहलनं स्पीकर बंद केला आणि माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी शेवरे म्हणाले, "मंग परत बसवा की. काढता आलं, तर बसवता पण येतं."

त्याच दुपारी मी लेबलला मेल लिहिला. दोन दिवसांत ते रिलीज मागे घेतलं गेलं. सात महिने मी ज्याला प्रक्रिया म्हणत होते, ती दोन दिवसांची होती. पंधरवड्यानं स्नेहलनं काकांच्या लॅपटॉपवरची मूळ फाइल पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नव्हतं. वरचं माझं, खालचं त्यांचं, असा 'चार नंबर' मी पुन्हा काढला, त्यांच्या पूर्ण नावानं, माझं नाव कुठंही न घालता. शुक्रवारच्या यादीत घडलेलं सगळं लिहिलं. त्यावर काही लोक सोडून गेले आणि ते बरोबरच झालं. हा खरा 'चार नंबर' फारसा कुणी ऐकत नाही. शेवऱ्यांच्या मोबाइलमध्ये तो आहे, हे मला माहीत आहे.

पण एकदा बाहेर गेलेलं गाणं परत आत येत नाही. लोकांनी ते उतरवून घेतलेलं असतं. गेल्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत कॉफी घेत बसले होते, आणि वरच्या स्पीकरमधून ते सुरू झालं. झांज मखमलीसारखी मऊ, सगळं स्वच्छ, सगळं सरळ. सात ठोके पडले, माझा हात टेबलावरून उचलला गेला, आणि ठोका हाताखालून निघून गेला. मी कप ठेवला, बेसिनपाशी गेले आणि चूळ भरली. तीनदा. परत आले तर काउंटरवरच्या बाई काळजीनं टेबलापाशी आल्या होत्या.

"मॅडम, कॉफी खराब आहे का?"

"कॉफी चांगली आहे," मी म्हटलं. "हे जे वाजतंय, ते मी केलंय."